नानांचं ग्राफिक्स कार्ड आणि आईच्या कॅसेटी

माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, आयुष्यभर एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर तीन वर्षं काहीच चालवलं नाही. शहाद्याच्या घरी खुर्चीत पेपर वाचत बसले तरी त्यांचा डावा पाय मधूनच जमिनीवर दाबला जायचा आणि हळूच सुटायचा. तो क्लच होता. आई त्या पायाकडे बघायची आणि मेथी निवडत राहायची.

मी नंदुरबारला एका शाळेत गणित शिकवते. दर रविवारी सकाळच्या गाडीने प्रकाशा गावच्या पुलावरून शहाद्याला जाते आणि दिवसभर आईवडिलांकडे राहून संध्याकाळी परतते. नाना मला सहसा फोन करत नाहीत. सणावाराला करतात, तोही आई नंबर लावून देते म्हणून. त्यामुळे एका गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला तेव्हा मी आधी तब्येतच विचारली. पण ते तब्येतीबद्दल काही बोलेनात. एका लग्नात त्यांनी कुणाच्यातरी मोबाईलवर एक खेळ पाहिला होता. त्यात म्हणे बस चालवता येते, स्टॉपवर माणसं उभी असतात, दारं उघडतात, आरशात मागचं दिसतं.  मग विचारलं, "आपला घरना कॉम्प्युटरवर व्हई का ते?"

होईल, मी म्हटलं. इथूनच सगळं सुरू झालं.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे माझ्या जुन्या उद्योगाची शिल्लक. नोकरी लागायच्या आधी मी शहाद्यात सात वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला होता. क्लास बंद झाला तेव्हा बाकीची मशीनं गेली आणि त्यातलं बरं एक घरी आलं. आता ते इतकं जुनं झालंय की त्याचं वय सांगितलं की दुकानदार आधी हसतात आणि मग आदराने बघतात. पण ते मशीन माझं राहिलेलं नव्हतं. ते आईचं होतं.

आईकडे एका पत्र्याच्या पेटीत एक्केचाळीस कॅसेटी आहेत. तिची आई, म्हणजे माझी आजी, सारंगखेड्याजवळच्या एका तापीकाठच्या गावात हळदीची गाणी म्हणण्यात पुढे असायची. आईच्या मामांनी कुठूनतरी एक टेपरेकॉर्डर आणला होता आणि घरातल्या प्रत्येक लग्नात ते तो बायकांच्या मधोमध ठेवायचे. त्या कॅसेटी आता खराब व्हायला लागल्या होत्या, म्हणून मी आईला त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायला शिकवलं. मशीनच्या स्वतःच्या आवाजाच्या भोकातून नुसती गुणगुण यायची, म्हणून क्लासच्या काळातलं एक वेगळं साऊंड कार्ड त्यात बसवून दिलं. आईने सगळ्या पायऱ्या वहीत लिहून घेतल्या. कॅसेट लावणे. लाल बटण. गाणं संपलं की चौकोन. नाव देणे. रोज दुपारी एक बाजू, असा तिचा नेम होता. बाकीच्या वेळी मशीनवर क्रोशाचा रुमाल असायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

पुढच्या रविवारी मी पेनड्राईव्हवर एक जुना, फुकट मिळणारा बसचा खेळ घेऊन गेले. नाना अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खेळ सुरू झाला. बस स्टॉपवर उभी होती. नानांनी बटण दाबलं. बस उभीच. मग एकदम ती पुढच्या चौकात दिसली. मधलं काहीच नाही. मग एका दुकानाच्या भिंतीत दिसली. नानांनी पाच मिनिटं धीर धरला.

"ही गाडी नही," ते म्हणाले, "लगनना अल्बम शे."

अडचण उघड होती. मदरबोर्डवरचंच जे तुटपुंजं ग्राफिक्स असतं, त्याच्याच्याने हे ओझं ओढवत नव्हतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवायला हवं होतं. क्लासच्या दिवसांत मी असली कामं डोळे झाकून करायचे. म्हणजे मला तसं वाटायचं.

नंदुरबारला स्टेशनच्या बाजूला एक दुकान आहे. तिथले दुकानदार जुन्या मशीनचे सुटे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत ठेवतात. माझ्या मशीनच्या वयाला शोभेल असं एक वापरलेलं कार्ड त्यांनी शोधून काढलं. त्यावर ताटलीएवढा नाही पण बशीएवढा पंखा होता. मी पिशवीत टाकून निघणार तोच त्यांनी थांबवलं. म्हणाले, ताई, जुन्या मशीनमध्ये नवं माणूस घालताय, जरा बेताने घ्या. आणि एका चिठ्ठीवर सूचना लिहून दिल्या. मी ती न वाचताच पर्समध्ये ठेवली. सात वर्षं क्लास चालवलेल्या बाईने दुकानदाराची चिठ्ठी कशाला वाचायची?

चिठ्ठी वाचली ती नानांनी. रविवारी पलंगावर चादर अंथरून मी मशीन आडवं केलं आणि पर्समधून सगळं बाहेर काढलं, तेव्हा ती त्यांच्या हाती लागली. एसटीत गाडी ताब्यात घेताना वाचतात तशी त्यांनी ती चष्मा लावून मोठ्याने वाचली.

"जुना ड्रायव्हर आधी काढून टाकणे. नाहीतर नव्या ड्रायव्हरशी त्याची मारामारी होईल."

त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं आणि चष्मा काढला.

"माले तं तीन वरीस पहिलेच काढी टाकं," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरात इतकी हसली की तिच्या हातातलं उलथनं पडलं. कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर म्हणजे कार्डाला चालवणारा प्रोग्राम असतो, हे मी नानांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं, पण आवडलं नाही. तरी मशीन पुन्हा उभं करून, सुरू करून, मी जुना ड्रायव्हर रीतसर काढला. ते होईपर्यंत नाना स्क्रीनकडे पाठ करून बसले होते.

मग वायर काढली. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि झाकण उघडलं. आत धुळीची एक रजईच होती. आईने ती जुन्या दाढीच्या ब्रशने काढली. कार्डासाठी लांबट खण होता, त्याच्या खाली तीन आखूड खण. पहिल्या आखूड खणात आईचं साऊंड कार्ड होतं. नवं कार्ड बसलं खरं, पण त्याचा पंखा आईच्या कार्डाच्या अगदी उरावर आला. मध्ये जेमतेम बोटभर जागा. चिठ्ठीतली तिसरी ओळ नानांनी वाचून दाखवली: शेजारचा खण रिकामा ठेवणे. मी म्हटलं, ते हवा खेळावी म्हणून असतं, बोटभर जागा आहे, पुरे. इथे मी चुकले. पण ते कळायला दुपार व्हायची होती.

मशीन सुरू केलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि स्क्रीन काळीच. मी दोनदा बंद-चालू केलं. कार्ड काढून पुन्हा दाबून बसवलं. घाम फुटला. नाना शांतपणे वाकून आत बघत होते.

"इंजन चालू शे," ते म्हणाले. "हेडलाईटनी वायर कोठे लायेल शे ते देख."

मी मागे पाहिलं. स्क्रीनची वायर जुन्याच जागी होती, मदरबोर्डच्या भोकात. नव्या कार्डाच्या भोकाला मी काही जोडलंच नव्हतं. वायर बदलली आणि स्क्रीनवर हाताएवढी मोठी अक्षरं उमटली. पुढचं मग सरळ होतं. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात, तिथे जाऊन मदरबोर्डवरचं ग्राफिक्स बंद केलं, म्हणजे दोघं एकाच कामावर हक्क सांगणार नाहीत. नवा ड्रायव्हर टाकला. आणि खेळ लावला.

बस निघाली. सलग, पाण्यासारखी. कुठल्यातरी परदेशी गावात बर्फ पडत होतं, आणि नाना त्यातून ताशी तीसच्या वेगाने चालले होते. रस्त्याच्या कडेला कुणीही उभं दिसलं की ते थांबत. खेळ लाल अक्षरांत सांगत होता की इथे स्टॉप नाही. नानांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्यांना काही फरक पडला नाही. खाली त्यांचा डावा पाय चटईवर दाबला जात होता आणि सुटत होता. त्या खेळात क्लच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तीन वाजता आईने शांतपणे आपली खुर्ची मागितली. कॅसेट लावली, लाल बटण दाबलं, हेडफोन घातले. एक मिनिटभर ती ऐकत राहिली. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. आजीचा आवाज येत होता, पण मधे मधे कट-कट तुटत होता, खरखरत होता, जणू पितळी भांड्यात कुणी वाळू टाकतंय.

"मन्ही माय अडखळी ऱ्हायनी," आई म्हणाली. "ती कधीच अडखळे नही."

तिने चौकोन दाबला, मशीन बंद केलं आणि क्रोशाचा रुमाल वर टाकला. चारही टोकं नीट ओढली. मला त्या रुमालाचीच भीती वाटली.

तो आठवडा मला चांगला आठवतो, कारण त्या आठवड्यात मला दोघांचेही फोन आले, वेगवेगळे, एकमेकांना चोरून. नानांनी अंगणातून केला. म्हणाले, ते कार्ड काढून टाक, मला काही त्या खेळाची एवढी हौस नाही. हे सांगताना त्यांचा आवाज इतका पडला होता की खोटं लगेच कळलं. आई दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या घरून बोलली. तिने मला बजावलं की कार्डाला हात लावायचा नाही. लग्नापासून आजपर्यंत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. कॅसेटी इतकी वर्षं थांबल्या, अजून थांबतील. तिचाही आवाज तसाच होता. मी वर्गात फळ्यावर समीकरण लिहिलं आणि दोन्ही बाजू जुळवायच्या ऐवजी खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी शाळा सुटल्यावर दुकानदारांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शेजारचा खण रिकामा ठेवला होता का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी आणखी लाज काढली नाही, उलट स्टूल पुढे सरकवून नीट समजावलं. जुन्या मदरबोर्डवर प्रत्येक कार्डाला मधल्या प्रोसेसरला हाक मारायला एक ओळ लागते, आणि प्रत्येक ओळीला नंबर असतो. ओळी थोड्या, गिऱ्हाइकं जास्त. मग शेजारशेजारच्या खणांना पुष्कळदा एकच नंबर मिळतो. ग्राफिक्स कार्ड दांडगं, ते सतत हाका मारतं. साऊंड कार्ड गरीब, त्याला थांबावं लागतं. ते थांबणं पापणी लवण्याइतकंच असतं, पण डोळ्याला जे कळत नाही ते कानाला कळतं. उपाय म्हणजे साऊंड कार्डाची जागा बदलून बघायची, आणि जी भोकं कुणी वापरत नाही ती बायोसमधून बंद करून त्यांचे नंबर मोकळे करायचे. एका वेळी एकच बदल करा, म्हणाले. दोन केले तर कशाने बरं झालं ते कधी कळणार नाही.

रविवारी हे सगळं मी घरी सांगितलं. मशीनमधली यादी उघडून दाखवली, तिथे दोन्ही कार्डांपुढे सोळा नंबर होता. आई म्हणाली, असं कसं, दोघांना एकच? नाना मात्र क्षणात समजले. सगळी हयात स्टँडात गेलेला माणूस.

"एकच फलाट, आन दोन गाड्या," ते आईला म्हणाले. "तुन्ही गाडी बिचारी बाहेर उभी. मन्ही हालतच नही."

मग माझ्याकडे वळले. "एक गाडी दुसरा फलाटवर लाई दे. मन्ही नको, मन्ही मोठी शे. तिनी लाय."

काम वाटून घेतलं. स्क्रू नानांकडे, कारण गंजलेला स्क्रू न मोडता सोडवणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. बायोस माझ्याकडे. आणि कान आईकडे. ती हेडफोन घालून, डोळे मिटून बसायची. खरखर आली की एक बोट वर करायची. बोट खाली असेपर्यंत आम्ही श्वास रोखून.

आधी साऊंड कार्ड मधला खण सोडून तिसऱ्या खणात नेलं. कॅसेट लावली. आईचं बोट खाली राहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. मी आनंदाने माऊस हलवला आणि बोट वर गेलं. माऊस थांबवला, खाली. हलवला, वर. आता यादीत आईच्या कार्डाबरोबर माऊसच्या भोकाचा नंबर जुळला होता. नाना म्हणाले, एका फलाटावरून उठवलं, दुसऱ्यावरही कुणीतरी बसलेलंच. आईने सुचवलं की ती कॅसेट लावेल तेव्हा माऊसला हात न लावता बसेल, तिची काही तक्रार नाही. मी ते ऐकून घेतलं नाही. आत्तापर्यंत हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला होता.

पुन्हा बायोस. जुन्या प्रिंटरचं रुंद भोक आणि त्याच्या शेजारचं नऊ टाचण्यांचं भोक, ज्यात क्लासच्या काळापासून कुणी काही खुपसलं नव्हतं, ती एकेक करून बंद केली. दर वेळी मशीन बंद, सुरू, यादी, कॅसेट, आईचं बोट. दुसरं भोक बंद केल्यावर यादीत आईच्या कार्डापुढे एक नवा नंबर दिसला, आणि त्या नंबरावर दुसरं कुणी नव्हतं.

कॅसेट लावली. माऊस गरागरा फिरवला. बोट खाली. पण मी दुसरा हेडफोन कानाशी धरला होता, आणि मला ऐकू आलं. टक. मग थोड्या वेळाने पुन्हा टक. आधीसारखी खरखर नव्हती, पण टक होतं. मी पार खचले. पुन्हा झाकण उघडलं, कार्ड काढलं, पुसलं, बसवलं. टक. पंख्याची वायर दूर बांधली. टक. नाना पेचकस हातात घेऊन माझ्याकडे बघत होते आणि आई अजूनही बोट वर करत नव्हती. मी जरा चिडूनच तिला विचारलं की तुला हे ऐकू येत नाही का.

आईने डोळे उघडले. "ते का?" ती म्हणाली. "ती तं मन्ही फुई शे. सुपारी कातरी ऱ्हायनी."

फुई म्हणजे आत्या. आईच्या आत्याला गाता यायचं नाही, पण प्रत्येक लग्नात ती टेपरेकॉर्डरला चिकटून बसायची आणि गाणी संपेपर्यंत अडकित्ता चालवायची. एक्केचाळीसपैकी निम्म्या कॅसेटींत ती आहे, आई म्हणाली, आणि तू इतका वेळ तिला बाहेर काढायला बघत होतीस. मी हेडफोन खाली ठेवला. नाना भिंतीकडे तोंड करून हसत होते, खांदे हलताना दिसत होते.

आता शेवटची परीक्षा उरली होती. दोन्ही एकत्र. आईची कॅसेट उतरत असतानाच नानांची बस धावली पाहिजे, तर खरं. मी हेडफोन काढून स्पीकर जोडला. आईने लाल बटण दाबलं, नानांनी खेळ लावला. परदेशी गावात बर्फ पडत होतं, दुतर्फा उंच घरं, आणि मधून नानांची बस चाललेली. आणि खोलीभर माझी आजी नवरीला हळद लावत होती, मागे दहा-बारा बायका, आणि फुईची सुपारी. काही तुटलं नाही. कुणी अडखळलं नाही. मी यादीकडे बघायचं विसरून गेले.

आईने प्रथमच खुर्ची नानांच्या शेजारी ओढली आणि बस कुठे चाललीय ते विचारलं. नानांना पाटी वाचता येईना. त्यांनी सांगितलं, सरळ. एक स्टॉप आला, माणसं चढली. दुसऱ्या स्टॉपला नाना गाण्यात होते की बर्फात, कोण जाणे, पण बस पुढे गेली. आरशात लाल कोटातली एक बाई उभी राहिलेली दिसली.

"ती बाईले काबर सोडी दिधं?" आईने विचारलं.

नानांनी तिला नियम सांगितला. स्टॉप सुटला की सुटला. गाडी मागे घेता येत नाही, मागून वाहनं असतात, वेळापत्रक असतं, आणि सगळ्या नोकरीत त्यांनी कुणासाठी एकदाही गाडी मागे घेतलेली नाही.  आई त्या आरशाकडे बघत राहिली, जिथे लाल कोट लहान होत चालला होता.

नानांनी ब्रेक लावला. मागे पाहिलं, म्हणजे खरंच मान वळवून आमच्या कपाटाकडे पाहिलं, आणि गिअर टाकून बस हळूहळू मागे घ्यायला लागले. स्क्रीन लाल अक्षरांनी भरून गेली. दार उघडलं, बाई चढली, आणि आईने कॅसेटची बाजू बदलली.